आई पोराला दंडाला धरून आणते तेव्हा

विश्रामबागेतल्या शाळेत समुपदेशक म्हणून रुजू होते आहेस, तर एक लक्षात ठेव. 'मॅडम, ह्याला गेमचं वेड लागलंय' म्हणत आई आली, की लगेच 'व्यसन' म्हणू नकोस. आयसीडी-११, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची यादी, त्यानुसार खेळण्यावरचा ताबा सुटणं, बाकी सगळं मागं पडणं, नुकसान दिसूनही न थांबणं, हे सहसा किमान १२ महिने चाललेलं असावं लागतं.

आईला बाहेर बसव. पोराला आधी गेममधली रँक विचार, अभ्यास नको. वर्गात तोंड न उघडणारं पोर तिथं स्क्वॉडला हुकूम सोडत असतं! मग झोप, चिडचिड. उदासी गेमच्या आधीची की नंतरची, हे सावकाश शोध. मरणाची भाषा निघाली, तर मात्र त्याच दिवशी पालकांना सांगून मानसोपचारतज्ज्ञ गाठ. रात्री टेली-मानस, ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६.