फुग्याच्या बाह्या परत आल्या, आता जुन्या ब्लाउजचं काय करायचं?

आखाजी, म्हणजे आपल्या खानदेशातली अक्षय्य तृतीया, झाली की दरवर्षी माझ्याकडे कपड्यांचीच पत्रं जास्त येतात. लेकी माहेरी आलेल्या असतात, झोके खेळून होतात, दुपारच्या उन्हात बाहेर पडायची सोय नसते मग आईचं लोखंडी कपाट उघडलं जातं आणि आतून एकेक निघायला लागलं की लेकी ओरडतात, अगं आई हे तर आता परत चाललंय! यंदा तर बहुतेक सगळ्यांचं विचारणं तेच, परत आलेली फॅशन आपल्याला शोभेल का आणि जुनं ठेवलेलं घालता येईल का. त्यातली चार पत्रं घेतलीयेत.

ताई, माझं लग्न १९९२ चं. शालूवरचा ब्लाउज फुग्याच्या बाह्यांचा आहे, तो मी अजून जपलाय. येत्या डिसेंबरात मुलीचं लग्न आहे, आमच्या बस्त्याच्या वेळी दुकानात बघितलं तर सगळ्या बाया फुग्याच्याच बाह्या शिवायला सांगतायत. मुलगी म्हणते आई तू तुझाच जुना घाल. पण आता माझं वय ५५, दंड भरलेत, मान आखूड. घालून बघितला तर आरशात नुसते खांदेच खांदे दिसतात. — एक वाचक, अमळनेर

ताई, आरशात जे दिसतंय तो त्या बाहीचा दोष आहे, स्वतःच्या दंडांना बोल लावू नका. मी शिवण शिकवण्यात बरीच वर्षं घालवली आणि या एका गोष्टीवर माझा ठाम विश्वास बसलाय की फॅशन परत येते असं आपण म्हणतो पण ती जशीच्या तशी कधी येतच नाही. नाव तेच असतं, फुगा मात्र दुसऱ्या जागी बसलेला असतो. विलायतेतलंच बघा ना, १८३० च्या सुमाराला तिथल्या बायकांच्या बाह्या प्रचंड फुगलेल्या होत्या, पण तो फुगा खांद्याच्या खाली दंडावर असायचा आणि खांदा उतरता दिसायचा. मग ती फॅशन गेली, १८९० नंतर परत आली तेव्हा फुगा वर सरकला, पार खांद्याच्या टोकावर उभा राहिला. १९८० च्या दशकात पुन्हा आली तर खांद्यात पॅड घालून आली. बाही तीच म्हणायची पण तीनदा तीन वेगळ्या बायका दिसल्या.

तुमचा १९९२ चा ब्लाउज कसा असणार ते मी न बघता सांगू शकते. बाही पाच-सहा इंचाची, वर चुण्याच चुण्या, खाली दंडाला घट्ट पट्टी, बरोबर ना? ती पट्टी जिथे संपते तिथेच नजर थांबते, आणि ती जागा म्हणजे दंडाचा सगळ्यात भरलेला भाग. विशीत दंड बारीक होता तेव्हा तेच छान दिसत होतं. आता दुकानात जी बाही चाललीय ती बघा नीट, चुण्या थोड्या, त्याही फक्त वरच्या मधल्या तीन-चार इंचात, आणि लांबी कोपरापर्यंत. नजर खाली कोपराशी जाऊन थांबते, तिथे हात बारीकच असतो कुणाचाही. म्हणून ती दुकानातल्या त्या बायांना शोभतेय. वयाचा त्यात काही संबंध नाही.

तर जुना ब्लाउज टाकू नका, बाही बदला. फुग्याच्या बाहीत एक चांगलं असतं की कापड भरपूर दडलेलं असतं. शिलाई उसवून, चुण्या मोकळ्या करून, हलकी इस्त्री मारली की बाही केवढी तरी रुंद निघते, त्यातून बेताचा फुगा ठेवून नवीन बाही कापता येते. लांबी कमी पडेल, तिथे शालूच्या आतल्या टोकाचं, म्हणजे जे कमरेत खोचलं जातं आणि कुणाला दिसत नाही त्या भागातलं कापड घ्या आणि खाली जोडा, जोडावर काठाची पट्टी येऊ द्या म्हणजे मुद्दाम केल्यासारखं वाटतं.

पण त्याच्या आधी दोन गोष्टी बघा बरं का. पहिली, काख. जुन्या रेशमी ब्लाउजचं कापड सगळीकडे धड असतं आणि काखेत मात्र घामाने कुजलेलं असतं, आणि आपल्या इकडचा घाम म्हणजे काय विचारू नका. काखेतलं कापड दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हळूच ताणा, चर्र असा बारीक आवाज आला तर तो ब्लाउज परत अंगावर चढवू नका, त्याची बाही आणि पाठ काढून नवीन ब्लाउजला वापरा. दुसरी गोष्ट मार्जिन. जुन्या टेलर लोकांनी बाजूला इंच-दीड इंच कापड आत ठेवलेलं असतं, ते सोडता येतं, पण रेशमात जुन्या सुईची भोकं राहतात आणि आतलं कापड उन्हा-धुण्यात न गेल्यामुळे जास्त गडद असतं, म्हणजे बाजूला उभी गडद पट्टी दिसणार. हाताखाली असल्याने चालतं, पण आधी माहीत असलेलं बरं, नाहीतर ऐन हळदीच्या दिवशी जीव खालीवर होतो.

मान आखूड आहे म्हणता तर गळा बंद ठेवू नका. वर फुगा आणि मध्ये बंद गळा असं झालं की चेहरा अडकल्यासारखा दिसतो. पुढून थोडा खोल, पानाच्या आकाराचा किंवा चौकोनी करा. बोटनेक पण परत आलाय, तुमच्या मुलीला घालू द्या, तुम्ही नको.

मी २४ वर्षांची आहे. आजीची जांभळी पैठणी आईने मला दिली. आता जुन्या साड्यांचे गाऊन, लेहंगे, जॅकेट शिवायची फॅशन आहे म्हणून मी जळगावच्या एका बुटिकमध्ये विचारलं, ते म्हणाले मस्त होईल, पण आई दोन दिवस बोलत नाहीये माझ्याशी. साडी नुसती पडून राहण्यापेक्षा कापून वापरली तर काय चुकलं? — जळगाव

बाळा, तुझं म्हणणं मला कळतं, पडून राहिलेली साडी ही काही जपलेली साडी नसते. तरी पण कात्री लावायच्या आधी ती पैठणी दिवसाउजेडात खिडकीजवळ नेऊन पूर्ण उघड, आणि आईला शेजारी बसव.

तिचा पदर उलटा करून बघ. खरी हातमागाची असेल तर मोर-पोपट दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखेच दिसतील, मागे दोरे लोंबत नसतील. येवल्याला अशी साडी विणताना प्रत्येक रंगाचा दोरा हाताने तेवढ्याच भागात फिरवतात आणि शेजारच्या रंगाच्या दोऱ्यात अडकवतात, तो दोरा साडीभर आडवा जात नाही. म्हणून ती मागून पण सुंदर असते, आणि म्हणूनच पदर मधून कापला की नक्षीची कड सुटायला लागते. बुटिकवाले कडेला चिकटपट्टीचं अस्तर लावून देतात, पण ते दोन-तीन वापर टिकतं आणि मग आपण रडत बसतो. पैठणीला २०१० मध्ये जीआय, म्हणजे ती इथलीच असल्याची सरकारी ओळख, मिळालंय, आजीच्या काळची साडी तर त्याच्याही आधीची, आणि जुनी खरी जर म्हणजे रेशमी दोऱ्यावर चांदीची तार गुंडाळून तिला सोन्याचा मुलामा दिलेली, आता बाजारात मिळते ती बरीचशी प्लास्टिकच्या झिलईची. तेवढी जर आज विकत घ्यायला गेलीस तर किंमत ऐकून परत येशील.

आता घड्या बघ. वर्षानुवर्षं एकाच घडीवर राहिलेली साडी त्याच रेघेवर चिरते. घडीवर बोट फिरवल्यावर जरीची तार टोचत असेल, उजेडात धरल्यावर रेघ पारदर्शक दिसत असेल, तर ती साडी नेसून तुला चालता-बसताच येणार नाही, निऱ्या पडतानाच फाटेल. असं असेल तर काप, बिनधास्त काप, धड राहिलेल्या भागाचं बिनबाह्यांचं जॅकेट कर आणि पदर मात्र अखंड ठेवून ओढणी म्हणून घे. पण साडी जिवंत असेल तर नको गं. गाऊनची फॅशन चार वर्षांनी जाईल, कापलेलं साडीपण परत येणार नाही. तुला गाऊनसारखंच दिसायला हवं असेल तर न कापता बेल्ट लावून, खाली पॅन्ट घालून नेस की, आजकाल मुली नेसतातच, आणि ती तुझ्या वयाला खूप शोभते.

हे मी एवढ्या जोरात सांगते कारण मी स्वतः केलंय. १९९० नंतर पंजाबी ड्रेसची लाट आली तेव्हा आईची एक मोरपंखी इरकल मी कापून ड्रेस शिवला, कुणी अडवलं नाही, आई पण हसून बरं म्हणाली. तो ड्रेस दोन उन्हाळे घातला असेल. नंतर इरकल, खण हे सगळं परत आलं, सगळ्या जणी आईच्या साड्या नेसून फोटो काढायला लागल्या, आणि माझ्याकडे त्या साडीचा फक्त एक काठ उरलाय, उशीच्या अभ्र्याला लावलेला. आई आता नाही. काठाचा रंग अजून तसाच आहे.

ठेवायचीच ठरली तर मलमलच्या कपड्यात बांधून ठेव, डांबरगोळी आत टाकू नकोस, ती जरीला लागली की जर काळी पडते, कडुलिंबाची वाळलेली पानं पुरचुंडीत बांधून बाजूला ठेव. दर तीन-चार महिन्यांनी घडी बदलायची. आणि हँगरला लटकवू नकोस, तिच्याच वजनाने ती ताणली जाते.

लो-वेस्ट जीन्स परत आलीय म्हणतात. माझ्याकडे २००५ ची आहे, वय आता ३८, दोन मुलं. काढू का बाहेर? — भुसावळ

नको. एक तर त्या काळच्या स्ट्रेच जीन्समध्ये जो लवचिक धागा असतो, लायक्रा म्हणतो आपण, तो वीस वर्षांनी मेलेला असतो, नुसता ठेवून सुद्धा. सकाळी घातली की दुपारपर्यंत गुडघ्याला पोतं येणार. दुसरं, कमरेची रेघ हाडावर आली की पाय आखूड आणि धड लांब दिसतं, आणि बाळंतपणानंतर पोट जिथे मऊ झालेलं असतं नेमकी तिथेच ती काचते. वीस वर्षांच्या मुली पण तिच्यात दिवसभर ओढाओढच करत होत्या, मला चांगलं आठवतं. बेंबीच्या जवळ येणारी, मांडीपासून सरळ खाली उतरणारी घे, कुर्तीवर पण चालते, शर्टवर पण चालते.

तुझ्याकडे त्याच काळातल्या आखूड कुर्त्या पण असतील, कमरेपर्यंतच्या, बाजूला चिरा असलेल्या. त्या मात्र काढ. तेव्हा आपण त्या घट्ट जीन्सवर घालायचो, आता सैल पॅन्टवर घाल, एकदम ताज्या दिसतील.

मी ६२ वर्षांची, नर्स म्हणून नोकरी केली, आता रिटायर्ड. आयुष्यभर युनिफॉर्म आणि साडी. आता त्या रुंद पायांच्या पॅन्टी बघते तर मला माझ्या कॉलेजच्या वेळचं बेलबॉटम आठवतं, तेव्हा भावाने घातलं, मला घालू दिलं नाही. आता घालावंसं वाटतं. सून हो म्हणते, नणंदबाई म्हणतात या वयात लोक काय म्हणतील. — शहादा

ताई, तुमचं पत्र वाचून मला फार बरं वाटलं. घाला. आजच घाला.

तुमच्या भावाचं बेलबॉटम टेरिकॉटचं असणार, मांडीला घट्ट आणि गुडघ्यापासून घेर, त्या कापडात हवा जात नव्हती. आताची पॅन्ट कमरेपासून किंवा मांडीपासूनच सुटी असते, ती गुडघे दुखणाऱ्या बाईला तर फारच सोयीची, उठता-बसता ओढ बसत नाही. आणि आपल्याकडे मे महिन्यात ४५ च्या वर पारा जातो तेव्हा सुती सैल पॅन्टीइतकं थंड दुसरं काही नाही, सहावारी साडीचे साडेपाच मीटर अंगाभोवती गुंडाळण्यापेक्षा तर नक्कीच. सुरतेहून रेल्वेने जे पॉलिस्टरचे गठ्ठे आपल्या बाजारात येतात त्यात पलाझो, म्हणजे याच रुंद पॅन्टी, ढिगाने मिळतील, स्वस्त पण असतात, पण ते घेऊ नका, ते पायाला चिकटतात आणि चालताना वीज लागल्यासारखे वर चढतात. साधी खादी किंवा जाडसर कॉटन घ्या आणि शिवून घ्या, अडीच मीटरमध्ये आरामात होते.

वर काय घालायचं म्हणाल तर पॅन्ट सैल असेल तेव्हा कुर्ता फार लांब नको. गुडघ्याच्या चार बोटं वर. कुर्ता पण घोळदार आणि पॅन्ट पण घोळदार झाली की बाई कुठे आहे तेच कळत नाही. तुमच्या जुन्या कॉटन साड्या, ड्युटीवरून आल्यावर नेसायच्या त्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या असतील, त्यातल्या एखाद्या विटलेल्या साडीचा कुर्ता शिवा, काठ बाहीला घ्या. नवीन कापडाला तो मऊपणा येत नाही.

नणंदबाईंना उत्तर द्यायची घाई करू नका. पुढच्या वेळी त्या आल्या की त्यांनाही एक शिवून द्या, मापं गुपचूप त्यांच्या परकरावरून घ्या, कमरेत नाडी ठेवा म्हणजे चुकलं तरी चालतं. आणि टेलरकडे उंची मोजायला जाल तेव्हा रोजची चप्पल घालूनच उभ्या राहा. अनवाणी माप दिलं तर पॅन्ट वर राहते, आणि सैल पॅन्ट घोट्याच्या वर गेली की बुटकेपणा येतो, ती टाचेच्या जेमतेम एक बोट वर थांबली पाहिजे.