टेक्सासमध्ये न्यायाधीश निवडून येतो म्हणजे नेमकं काय होतं?

ताई, तुमच्या प्रश्नात खरं तर तीन प्रश्न आहेत. एक, केरळात बिडी वळणारा मुलगा अमेरिकेत जज झाला ही व्हॉट्सॅपवर फिरणारी गोष्ट खरी आहे का. दोन, न्यायाधीश मतं मागून निवडून येतो हे कसं काय चालतं. आणि तीन, ह्यूस्टनला वकिली करणाऱ्या तुमच्या भाचीने या वाटेला जावं का. मी ह्यूस्टनलगतच्या फोर्ट बेंड कौंटीत (कौंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी) राहतो, निवडणुकीच्या दिवसांत मतदान केंद्रावर क्लार्क म्हणून बसतो, त्यामुळे हा प्रकार जवळून पाहिला आहे. सविस्तर लिहितो.

गोष्ट खरी आहे. सुरेंद्रन के. पट्टेल आमच्याच कौंटीत 240 व्या डिस्ट्रिक्ट कोर्टाचे जज म्हणून निवडून आले. या चर्चेत कुणीतरी "गुजराती माणूस कुठेही पोचतो" असं लिहिलंय, तर ते गुजराती नाहीत, मल्याळी आहेत. कासरगोड जिल्ह्यातले, आईवडील रोजंदारीवर काम करणारे. दहावीनंतर शिक्षण सुटलं, बिड्या वळल्या, मग पुन्हा कॉलेज. 1995 मध्ये कालिकतच्या सरकारी लॉ कॉलेजातून एलएलबी, आणि त्या काळात खर्चासाठी हॉटेलात नोकरी. पुढे होसदुर्गला वकिली. पत्नी नर्स, तिला दिल्लीत नोकरी लागली म्हणून हे दिल्लीला गेले, 2007 मध्ये तिला अमेरिकेत काम मिळालं म्हणून हे ह्यूस्टनला आले. व्हॉट्सॅपवाल्या पोस्टमध्ये त्या बाईंचा उल्लेख एका ओळीत उरकतात. प्रत्यक्षात दोन्ही वेळा घर हललं ते तिच्या नोकरीमुळे.

ह्यूस्टनला आल्यावर आधी किराणा दुकानात काम, मग टेक्सासची बार परीक्षा (वकिलीच्या परवान्याची) पहिल्याच प्रयत्नात पास, मग ह्यूस्टन विद्यापीठातून एलएलएम. 2017 मध्ये नागरिकत्व. 2020 ला एकदा निवडणुकीचा प्रयत्न केला, जमलं नाही. 2022 ला जिंकले आणि 1 जानेवारी 2023 ला शपथ घेतली.

आता बिडी बाजूला ठेवा. निवडणूक बिडीने जिंकली नाही. कशाने जिंकली ते कळायला इथली रचना समजून घ्यावी लागेल.

अमेरिकेतले केंद्रीय न्यायाधीश राष्ट्राध्यक्ष नेमतात, सिनेट मंजुरी देते, आणि ते तहहयात असतात. राज्यांच्या न्यायाधीशांचं मात्र प्रत्येक राज्यात वेगळं. टेक्सासमध्ये 1876 च्या राज्यघटनेपासून न्यायाधीश निवडणुकीने येतात, आणि नुसत्या निवडणुकीने नाही तर पक्षाच्या तिकिटावर. मतपत्रिकेवर नावापुढे रिपब्लिकन किंवा डेमोक्रॅट असं स्पष्ट लिहिलेलं असतं. डिस्ट्रिक्ट जजची मुदत 4 वर्षं, त्यावरच्या अपील कोर्टांची आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाची 6 वर्षं. मुदत संपली की पुन्हा मतदारांच्या दारात.

एक गोंधळ आधीच दूर करतो, कारण आपल्याकडच्या बातम्यांत तो हमखास होतो. इथे 'कौंटी जज' नावाचं पद आहे. ते आपल्याकडच्या जिल्हा परिषद अध्यक्षाच्या जवळ जाणारं प्रशासकीय पद आहे. बजेट, रस्ते, पूर आला की आदेश काढणं, हे त्याचं मुख्य काम. त्याला वकील असण्याची अट नाही. शेजारच्या हॅरिस कौंटीत लीना हिडाल्गो 2018 मध्ये 27 व्या वर्षी कौंटी जज म्हणून निवडून आल्या, त्या वकील नाहीत. 'जस्टिस ऑफ द पीस' नावाचं अगदी खालचं कोर्ट आहे, तिथेही कायद्याची पदवी लागत नाही. तुमच्या भाचीच्या डोक्यात जे असणार ते म्हणजे कौंटी कोर्ट अ‍ॅट लॉ किंवा डिस्ट्रिक्ट कोर्ट. पहिल्यात किरकोळ गुन्हे आणि मर्यादित रकमेचे दावे, दुसऱ्यात गंभीर फौजदारी खटले आणि मोठे दिवाणी दावे. फोर्ट बेंडच्या कौंटी कोर्ट अ‍ॅट लॉ क्र. 3 वर ज्युली मॅथ्यू 2018 मध्ये निवडून आल्या, त्याही मल्याळी.

मतदान केंद्रावर काय दिसतं ते सांगतो. माणूस येतो गव्हर्नर किंवा राष्ट्राध्यक्ष निवडायला. ते झालं, सिनेटर झाला, काँग्रेसमन झाला, आणि मग जजेसची यादी सुरू होते. हॅरिस कौंटीत ती एकेका निवडणुकीत पन्नासच्या वर गेलेली आहे. यातला एकही जज त्या मतदाराला ठाऊक नसतो. ठाऊक असायला तो कधी कोर्टात उभा राहिलेला असायला हवा, आणि उभा राहिला असेल तर त्याचं मत निकाल कुणाच्या बाजूने लागला त्यावर! म्हणून तो पक्ष बघतो आणि बटण दाबत जातो.

पूर्वी तर एकच बटण दाबून सगळ्या पदांना एकाच पक्षाचं मत देता यायचं. 2018 ही त्या सोयीची शेवटची मोठी निवडणूक. त्या वर्षी सिनेटच्या जागेसाठी डेमोक्रॅट बेटो ओ'रोर्क रिपब्लिकन टेड क्रूझविरुद्ध राज्यात हरले, पण हॅरिसमध्ये त्यांची लाट होती आणि त्या लाटेत न्यायाधीशांच्या निवडणुकीत रिपब्लिकन साफ झाले. चांगलं नाव असलेले जुने जज घरी गेले. त्याच लाटेत एकट्या हॅरिसमध्ये 17 कृष्णवर्णीय महिला न्यायाधीश झाल्या. तेव्हा तोटाच झाला असं म्हणणाऱ्यांनी हेही मोजावं. 2020 पासून एकगठ्ठा मताची सोय बंद झाली, तरी लोक एकेक करून तेच करतात. 2024 मध्ये वारं उलटं फिरलं, हॅरिसमध्ये रिपब्लिकनांनी जजेसच्या काही जागा परत मिळवल्या. त्यात कुणाच्या निकालपत्रांचा दर्जा मतदाराने तपासला असेल असं मला वाटत नाही.

म्हणून माझं मत असं की इथली खरी निवडणूक नोव्हेंबरमध्ये नसते, मार्चमध्ये असते. प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार कोण हे ठरवणाऱ्या आधीच्या निवडणुकीत. तिथे सगळे उमेदवार एकाच पक्षाचे, त्यामुळे पक्ष बघून मत देता येत नाही. मतदार थोडे, पण येतात ते सगळे पक्षाचे पक्के लोक. त्यांना उमेदवार भेटलेला असतो. पट्टेल यांनी 2022 च्या प्रायमरीत आपल्याच पक्षाच्या, त्या खुर्चीवर आधीपासून बसलेल्या जजला, फ्रँक फ्रेली यांना, हरवलं. हे अवघड होतं. नोव्हेंबरमध्ये रिपब्लिकन उमेदवाराशी लढत झाली, पण तोपर्यंत अर्धं काम झालेलं होतं. त्यांच्या उच्चारांवरून टिंगल झाली, स्वतःच्या पक्षालाही ते प्रायमरी जिंकतील असं वाटत नव्हतं, हे त्यांनी नंतर मुलाखतींत सांगितलं आहे. फोर्ट बेंडमध्ये आशियाई वस्ती मोठी आहे हे खरं, पण त्यात तेलुगू, तमिळ, गुजराती, चिनी, व्हिएतनामी, पाकिस्तानी सगळे आले. मल्याळी मतांवर कुणी जिंकत नाही, आणि मराठी मतांवर तर नाहीच नाही. आपण गणपतीला भरपूर जमतो, मार्चमध्ये मतदानाला तेवढे दिसत नाही.

आता पैशाचं. हा भाग मला खटकतो. जजच्या निवडणुकीला देणगी कोण देतं? वकील. कारण बाकी कुणाला त्यात रस नसतो. आणि तेच वकील उद्या त्याच जजपुढे उभे. 1995 च्या राज्य कायद्याने देणगीवर मर्यादा घातली आहे. राज्यभर लढल्या जाणाऱ्या पदासाठी एका माणसाकडून 5,000 डॉलर, छोट्या मतदारसंघात त्याहून कमी. मर्यादा आहे म्हणून प्रश्न सुटत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये वेस्ट व्हर्जिनियाच्या एका प्रकरणात, जिथे कोळसा कंपनीच्या प्रमुखाने एका न्यायाधीशाच्या निवडणुकीसाठी सुमारे 30 लाख डॉलर ओतले होते, त्या न्यायाधीशाने कंपनीच्या खटल्यातून बाजूला व्हायला हवं होतं असं सांगितलं. तोही निकाल 5 विरुद्ध 4 असा. टेक्सासमध्ये 2019 मध्ये न्यायाधीशांच्या निवडीचा विचार करायला आयोग नेमला, त्यातल्या बहुमताने पक्षाच्या तिकिटावरची निवडणूक नको म्हटलं, आणि पुढे काही झालं नाही. होणार तरी कसं, ज्यांनी बदलायचं ते याच तिकिटांवर येतात.

खालच्या कोर्टातून वर चढलेले राजकारणी बघायचे असतील तर टेक्सासमध्ये रांग आहे. गव्हर्नर ग्रेग अ‍ॅबट 1992 मध्ये ह्यूस्टनच्या 129 व्या डिस्ट्रिक्ट कोर्टावर निवडून आले, मग राज्याचं सर्वोच्च न्यायालय, मग अ‍ॅटर्नी जनरल, मग गव्हर्नर. सिनेटर जॉन कॉर्निन सॅन अँटोनियोच्या डिस्ट्रिक्ट कोर्टातून त्याच वाटेने गेले. मात्र इथल्या आचारसंहितेप्रमाणे जजला न्यायाधीशाव्यतिरिक्तचं पद लढवायचं तर आधी राजीनामा द्यावा लागतो. या चर्चेतल्या एका प्रतिसादात "आपल्याकडे असं शक्यच नाही" असं आलंय, ते अर्धवट बरोबर. महाराष्ट्रात दिवाणी न्यायाधीश एमपीएससीच्या परीक्षेतून येतो, जिल्हा न्यायाधीश राज्यपाल उच्च न्यायालयाच्या सल्ल्याने नेमतात, मतदाराचा संबंध नाही. पण के. एस. हेगडे आधी राज्यसभेत होते, नंतर सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले, 1973 मध्ये सरन्यायाधीश नेमताना ज्येष्ठता डावलल्यावर राजीनामा दिला, 1977 मध्ये लोकसभेवर निवडून आले आणि पुढे सभापती झाले.

भाचीबद्दल. डिस्ट्रिक्ट जजसाठी पूर्वी 4 वर्षांची वकिली पुरायची. 2021 च्या घटनादुरुस्तीने ती 8 वर्षं झाली. त्याच मतदारसंघात 2 वर्षं वास्तव्य आणि अमेरिकेचं नागरिकत्व हवं. ग्रीन कार्डवर चालत नाही. एक पैसा घेण्याआधी किंवा खर्च करण्याआधी कॅम्पेन ट्रेझररची (प्रचाराच्या पैशाचा हिशेब सांभाळणाऱ्याची) नेमणूक दाखल करावी लागते. उत्साहात आधी बॅनर छापणारे इथेच अडकतात. प्रायमरीचे अर्ज आदल्या वर्षाच्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये भरायचे असतात.

आणि दुसरं दारही आहे, त्याबद्दल कुणी बोलत नाही. डिस्ट्रिक्ट कोर्टाची जागा मध्येच रिकामी झाली तर पुढच्या निवडणुकीपर्यंत गव्हर्नर नेमणूक करतो, कौंटी कोर्टाची असेल तर कौंटीचं कमिशनर्स कोर्ट (नावात कोर्ट असलं तरी ते कौंटीचं प्रशासकीय मंडळ). पुष्कळ जज पहिल्यांदा असेच बसतात आणि मग 'विद्यमान न्यायाधीश' म्हणून मतं मागतात. शहरांच्या म्युनिसिपल कोर्टांत असोसिएट जजही बहुधा नेमलेले असतात, वाहतुकीचे दंड वगैरे कामं, पण नावापुढे जज लागतं आणि कोर्ट चालवायचा सराव होतो. तिला हे आधी बघायला सांगा.

शिवाय तिला स्वतःला विचारायला सांगा की ज्या जजपुढे ती रोज उभी राहते त्याच्याविरुद्ध अर्ज भरून हरली, तर दुसऱ्या दिवशी त्याच कोर्टात तिची तारीख असेल. त्या तयारीने उभं राहणार असेल तर मला कळवा, प्रायमरीत पत्रकं वाटायला मी येतो. निवडणुकीच्या दिवशी मात्र मी केंद्राच्या आत क्लार्क असेन, तेव्हा ओळख दाखवू नये.