एवढं दुःख वाट्याला आल्यावर जगण्याला अर्थ कुठून आणायचा?

आधी एक गैरसमज काढून टाका: दुःखातच अर्थ दडलेला असतो, असं नाही. बरंचसं दुःख निव्वळ निरर्थक असतं. ‘यातही काहीतरी चांगलंच असेल’ असं सांगणाऱ्यांना खुशाल टाळा.

व्हिएन्नाचे मानसोपचारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल 1942 ते 1945 या काळात नाझी छळछावण्यांत होते. आई, वडील, भाऊ, पत्नी, सगळे गेले. त्यांचं म्हणणं असं की अर्थ तीन वाटांनी सापडतो: हातून काही काम घडण्यातून, कुणावर किंवा कशावर तरी प्रेम करण्यातून, आणि जे टाळताच येत नाही त्याला आपण कसे सामोरे जातो त्यातून. लोक तिसरी वाट तेवढी लक्षात ठेवतात आणि सोसण्याचं कौतुक करत बसतात. फ्रँकलनी मात्र बजावलं होतं की जे दुःख दूर करता येतं ते दूरच करावं. उगाच सोसण्यात पराक्रम नाही. म्हणजे आजार असेल तर उपचार, घरात छळ होत असेल तर तिथून बाहेर पडणं. अर्थाचं नंतर बघू.

माझ्यापुरतं सांगायचं तर ‘आयुष्याचा अर्थ काय’ हा प्रश्नच मला फार अवजड वाटतो, वाईट दिवसांत तर पेलवतच नाही. त्याऐवजी मी विचारतो: आज माझी कुणाला गरज आहे? कधी उत्तर एखादा फोन असतो, कधी फक्त कुंडीतलं झाड.

आणि जगणंच नकोसं झालं असेल, तर हे उत्तर वाचत बसू नका. आत्ता जवळच्या माणसाला सांगा, डॉक्टरांना गाठा.