मुलांच्या मोबाइलसाठीचं सेफ्टी अ‍ॅप ‘सरकारमान्य’ असेल, तर निर्धास्त राहावं का?

निर्धास्त राहू नका. मान्यता दिसली की तीन गोष्टी विचारा: नेमकं काय तपासलं, कोणी तपासलं आणि अ‍ॅपची कुठली आवृत्ती तपासली?

बहुतेक देशांत अशी अ‍ॅप सरकारकडून तपासून मग बाजारात येतात, असं होत नाही. लक्ष असतं ते मुलांच्या माहितीचं पुढे काय होतं यावर, आणि तेही बरेचदा प्रकार उघडकीला आल्यावर. अमेरिकेत २०१० मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने एकोमेट्रिक्स कंपनीवर कारवाई केली. पालक तिचं सॉफ्टवेअर मुलांवर लक्ष ठेवायला घेत होते आणि कंपनी त्यातून मिळालेली मुलांची माहिती मार्केटिंगवाल्यांना पुरवत होती. याचा उल्लेख होता, पण लांबलचक करारनाम्यात खोलवर दडलेल्या एका मोघम वाक्यात. गोपनीयता धोरणात म्हणूनच आधी ‘तृतीय पक्ष’, ‘भागीदार’, ‘विश्लेषण’ हे शब्द शोधा.

अ‍ॅपचा पुरस्कार सरकारच करत असेल, तर मी जास्तच काळजी घ्यायला सांगेन. दक्षिण कोरियाने एप्रिल २०१५ पासून १९ वर्षांखालच्यांच्या स्मार्टफोनवर असं अ‍ॅप सक्तीचं केलं. त्यातलं सरकारी पाठबळ असलेलं ‘स्मार्ट शेरीफ’ टोरोंटो विद्यापीठाच्या सिटिझन लॅबने आणि क्युअर५३ या कंपनीने तपासलं, तेव्हा सुरक्षेतल्या २६ त्रुटी निघाल्या. माहिती कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन कच्चं होतं, म्हणजे ज्या मुलांना जपायचं त्यांचीच माहिती उघडी पडू शकत होती. त्रुटी सापडल्या त्या बाहेरच्यांना, हे लक्षात घ्या. त्यामुळे स्वतंत्र तपासणीचा अहवाल जाहीर केला आहे का, ही माझ्या मते पहिली कसोटी.

अ‍ॅप चालतं का, हा आणखी वेगळा प्रश्न. जर्मनीत अशा प्रोग्रामना रीतसर मान्यता लागते. तिथेही २०१९ मध्ये ‘युसप्रोग’ नावाच्या प्रोग्रामच्या मान्यतेवर नियामकाने हरकत घेतली, कारण तो विंडोज संगणकावर, क्रोममध्येच चालत होता. मुलं मात्र मोबाइलवर! हा वाद पुढे कोर्टात गेला.

तेव्हा अर्धा तास काढून स्वतःच तपासा. अडवलेली साइट उघडते का, ही चाचणी मुलाच्याच फोनवर करा. आधी वायफायवर, मग मोबाइल डेटावर; घरच्या राउटरवरचं, नको त्या साइट अडवणारं फिल्टर डेटा चालू केला की संपतं. दुसरा ब्राउझर टाकून पाहा, फुकटचं व्हीपीएन (फोनची वाहतूक दुसऱ्याच सर्व्हरवरून वळवणारं अ‍ॅप) चालू करून पाहा, ब्राउझरमधला ‘सुरक्षित डीएनएस’ पर्याय बदलून पाहा (डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी यंत्रणा). डीएनएसवर चालणारी फिल्टर इथेच हरतात, कारण साइटचं नाव विचारणारी विनंती त्यांना चुकवून भलतीकडे जाते. अ‍ॅप दोन दिवसांनी आपोआप बंद पडत असेल, तर बॅटरी बचतीच्या यादीतून त्याला वगळा. उलट बाजूही बघा: वयात येण्याबद्दलची किंवा छळाविरुद्ध मदत देणारी पानं अडत असतील, तर ते फिल्टर मुलाच्या मुळावर येतं.

परवानग्यांत ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ दिली की अ‍ॅपला स्क्रीनवरचा मजकूर वाचता येतो. फक्त वेळमर्यादा हवी असेल, तर फोनमध्येच असलेली पालक-नियंत्रणं पुरतात. याहून गंभीर म्हणजे रूट सर्टिफिकेट, म्हणजे कोणत्या साइटवर विश्वास ठेवायचा हे फोनला सांगणारं डिजिटल प्रमाणपत्र. अँड्रॉइडवर सेटिंग्जमधल्या सुरक्षेच्या भागात ‘विश्वसनीय क्रेडेन्शियल’ उघडा आणि ‘वापरकर्ता’ हा टॅब पाहा. कंपनीनुसार नावं थोडी बदलतात. तिथे अ‍ॅपचं स्वतःचं सर्टिफिकेट दिसलं, तर ब्राउझरमधली कुलूपबंद वाहतूकही ते उघडून वाचू शकतं. एवढी मुभा का लागते, याचं लेखी उत्तर कंपनीकडून मागा. समाधानकारक उत्तर आलं नाही, तर आधी ते सर्टिफिकेट काढा, मग अ‍ॅप, आणि खात्यातली साठवलेली माहिती पुसण्याची वेगळी विनंती पाठवा. नुसतं अ‍ॅप काढल्याने सर्व्हरवरची नोंद जात नाही.