उष्णता-प्रवाह जिथे जास्त, तिथेच भूऔष्णिक साठे सापडतात का?

उष्णता-प्रवाहाच्या, म्हणजे पृथ्वीच्या पोटातून वर येणाऱ्या उष्णतेच्या नकाशात लाल दिसणाऱ्या जागी बोअर मारला की गरम पाणी लागणारच ना, असं तुम्ही विचारलंय. लागेलच असं नाही. बोअरमधल्या तापमानाच्या नोंदी वाचणं हे माझं काम, आणि नेमकी इथेच अनेकांची गल्लत होते.

हा प्रवाह थेट मोजता येत नाही. बोअरमध्ये सेन्सर सोडून खोलीबरोबर तापमान किती वाढतं ते बघायचं आणि त्याला कातळाच्या उष्णतावाहकतेने गुणायचं. खोदताना आत फिरवलेल्या चिखलामुळे तापमान बिघडलेलं असतं, ते स्थिरावेपर्यंत थांबावंच लागतं. खंडांवर सरासरी येते चौरस मीटरमागे ६५ मिलिवॅटच्या आसपास. जिथे कवच ताणून पातळ झालंय किंवा शिलारस वर सरकलाय, तिथे आकडा खूप चढतो. आइसलँड, केनियातली खचदरी, न्यूझीलंडचा तौपो पट्टा. मोठे साठे अशाच पट्ट्यांत आहेत, तेवढ्यापुरता नकाशा खरा.

पण या गणितात गृहीत धरलेलं असतं की उष्णता फक्त कातळातून झिरपत वर येते. साठ्यात मात्र तिला पाणी वाहून आणतं, आणि मग आकडे फसवतात.

फ्रान्समधल्या सुल्त्झ-सू-फोरेचं बघा. तिथे वरच्या साधारण एक किलोमीटरमध्ये तापमान किलोमीटरला १०० अंशांहून जास्त वेगाने वाढतं. तीच रेघ सरळ खाली ओढली तर पाच किलोमीटरवर ५०० अंश यायला हवेत. प्रत्यक्षात निघाले सुमारे २००. कारण मधल्या थरात ग्रॅनाइटच्या भेगांतून पाणी वरखाली फिरतंय, त्यामुळे बऱ्याच खोलीपर्यंत तापमान जेमतेम वाढतं. वरचा चढ त्या पाण्याने आणून सोडलेल्या उष्णतेचा होता.

उलटंही घडतं. अमेरिकेत आयडाहोच्या स्नेक नदीच्या मैदानात गार भूजलाचा प्रचंड प्रवाह खालची उष्णता आडवी वाहून नेतो. उथळ बोअरमध्ये जागा थंडच वाटते, पण भूजलाच्या थराखाली गेलं की उष्णता-प्रवाह सरासरीपेक्षा बराच जास्त निघतो. अशा किती जागा निव्वळ उथळ मोजमापावर सोडून दिल्या गेल्या असतील, याची मला खरंच हळहळ वाटते.

आणि पॅरिसच्या खोऱ्यात तर शिलारस नाही की काही नाही. तरी दीड-दोन किलोमीटरवरच्या सच्छिद्र चुनखडीत ५५ ते ८५ अंशांचं पाणी आहे, आणि १९६९ पासून त्यावर घरं तापवली जातात. वीज करायला ते पुरेसं गरम नाही, पण घरांना पुरतं.

म्हणून नकाशा फक्त प्रदेश निवडायला वापरा. नेमकी जागा शोधताना प्रस्तरभंग, म्हणजे कातळ तुटून सरकलेल्या भेगा, कुठे एकमेकांना छेदतात ते बघा आणि जवळच्या झऱ्यांचं पाणी तपासून घ्या. खोलवरच्या गरम पाण्यात सिलिका (वाळूतलं मुख्य द्रव्य) जास्त विरघळते आणि वर येताना ती लगेच बाहेर पडत नाही, त्यामुळे कोमट झऱ्यावरूनही खालच्या तापमानाचा अंदाज बांधता येतो. बोअर त्यानंतर, आणि तोही भूजलाच्या थराखाली जाईल इतका खोल.