सहा जणांची बोट

अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप मिळाला. आई-बाबा, सासू-सासरे, तुम्ही दोघं आणि बाळ असे सात जण, आणि स्नॉर्केलिंगला, म्हणजे मास्क-नळी लावून तरंगत पाण्याखालचं बघायला, सबंध बोट भाड्यानं देणारा सेंट जॉनचा बोटवाला सहावर अडून बसलाय. तुला वाटतंय तो भाव वाढवतोय. तसं नाही. हे कॅरिबियनमधलं बेट अमेरिकेचं (यूएस व्हर्जिन आयलंड्सपैकी एक), त्यामुळे नियमही तिथलेच: कोस्ट गार्डचं तपासणी प्रमाणपत्र नसलेल्या अशा भाड्याच्या बोटीवर सहापेक्षा जास्त पाहुणे घेता येत नाहीत, आणि कडेवरचं बाळही मोजलं जातं. "या हो सात जण, काही होत नाही" म्हणणारा भेटलाच, तर त्याच्या बोटीत पाय ठेवू नकोस. इथे डोळेझाक करणारा माणूस लाइफजॅकेटं तरी धड ठेवत असेल का? प्रमाणपत्र असलेली मोठी बोट शोध. नाहीतर बाळासोबत एकानं ट्रंक बेच्या किनाऱ्यावर थांबा.

आता बोटीनं बघायच्या ठिकाणांची तुझी यादी. वॉटरलेमन के, माहो बे, ख्रिसमस कोव्ह, वर नॉर्मन आयलंडच्या गुहा आणि 'इंडियन्स' नावाचे खडक! शेवटची दोन आधी खोड. ती ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्समध्ये आहेत, म्हणजे मध्येच अमेरिका सोडून परत आत यायचं. चार ज्येष्ठांचे व्हिसाचे कागद घेऊन बोटीतून इमिग्रेशनच्या दारात उभं राहण्यात कसली मजा? (पासपोर्ट तरीही सगळ्यांचे घेच. शेजारच्या सेंट थॉमस बेटाहून परतीच्या विमानात बसण्याआधी तपासतात.)

उरलेल्या तिनांतली दोनच ठेव. मी पहिल्यांदा गेले तेव्हा पाच ठिकाणं ठरवली होती. दुसरीकडे जातानाच सासूबाईंना उलट्या सुरू झाल्या. "एवढे पैसे भरलेत" म्हणत मी तिसरीकडे न्यायला लावलं. त्या दिवशी पाहिलेला एक मासा मला आज आठवत नाही, त्यांच्या मांडीवरची बादली तेवढी आठवते. सबंध बोट आपली म्हणजे "चला आता परत" म्हणायला कुणाला विचारावं लागत नाही. पैसे त्याचेच मोजतो आपण, आणि मी नेमकं तेच वापरलं नाही.

म्हणून बुकिंग करतानाच सांग, आईला पोहता येत नाही. आपल्या मालवणला सिंधुदुर्गाजवळ गाइड हात धरून पाण्यात नेतो, तसं इथे कुणी आपणहून करेलच असं नाही. कॅप्टनबरोबर पाण्यात उतरणारा दुसरा माणूस आहे का, शिडी पाण्यात किती खोल जाते, सावली किती आहे, डिझेल भाड्यात धरलंय का, हे विचार. बोट कुठे बांधतो तेही विचार. नॅशनल पार्कनं बोटी बांधायला तरंगते बोया टाकलेत. प्रवाळावर नांगर टाकणारा तांडेल मला नको.

माहोला तळाशी समुद्री गवत आहे, ते चरायला हिरवी कासवं येतात. कासव श्वासासाठी वर येतं तेव्हा त्याच्या वाटेत जायचं नाही, मागे लागायचं नाही. आपण पालथं तरंगत राहायचं. आईला फ्लोट देऊन आधी शिडीला धरून नुसतं तोंड पाण्यात घालू दे. नळीतून श्वास घ्यायचा धीर यायला दहा मिनिटं लागतात, ती द्यायची. दम लागला की नळी काढायची, उताणं व्हायचं, हात वर. आणि सासऱ्यांना रक्तदाब आहे ना? डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यांना उतरवू नकोस.

कपड्यांचं मी आईशी बोलेन. सुती पंजाबी ड्रेस भिजला की अंगाला ओढतो. पूर्ण बाह्यांचा रॅशगार्ड (पोहताना घालायचा अंगासरशी टी-शर्ट) आणि लेगिंग्ज घेऊन ठेव, लाजही राहते आणि सनस्क्रीनही कमी लागतं. ऑक्सिबेंझोन, ऑक्टिनॉक्सेट, ऑक्टोक्रिलीन असलेल्या सनस्क्रीनवर तिथे २०२० पासून बंदी आहे. झिंक ऑक्साइडचं घे. तोंड पांढरंफटक दिसतं, फोटोत सगळे दशावतारातले वाटतात, पण चालतंय.

डिसेंबरअखेर जाताय, तर 'ख्रिसमस विंड्स' असतील. त्या दिवसांत वारा जोरात वाहतो, उत्तरेकडून लाटाही येतात. कॅप्टन सकाळी म्हणाला, "आज माहो नको, दक्षिणेला जाऊ," तर हुज्जत घालू नकोस. उलटीची गोळी निघण्याआधी तासभर, पोटात काहीतरी असताना. सोबत तिखटमिठाच्या पुऱ्या आणि आलेपाक.

बाबांच्या मिशीमुळे मास्कमध्ये पाणी शिरणार हे नक्की. मिशीवर व्हॅसलीन चोपडून बघायचं, तरी शिरलं तर नाकाखालची थोडी भादरायची. हे तूच सांग त्यांना. माझं नाव सांगू नकोस.

तुझी,
काकू