वाचकांचे प्रश्न : खांब उभे, दिवे बंद

नव्या मेट्रो स्थानकाभोवतीच्या रस्त्यांविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. त्यांतील प्रश्न एकमेकांत गुंतलेले असल्यामुळे उत्तरे सलग वाचावीत, ही विनंती.

प्रश्न : आमच्या घराजवळच्या नव्या स्थानकाचे मुख्य दार दोन चौकांच्या मधोमध उघडणार आहे. सिग्नलचे खांब मात्र दाराशी न लावता दोन्हीकडच्या चौकांत, म्हणजे शे-सव्वाशे मीटर लांब रोवले आहेत. गाडीतून उतरलेला माणूस एवढा वळसा घालून रस्ता ओलांडेल, असे आपणांस वाटते का?

उत्तर : नाही, वाटत नाही. समोर बसथांबा दिसत असताना माणूस दुभाजकातील फट शोधतो, आणि फट नसेल तर दुभाजकावर चढतो. कुंपण घातल्याने हा प्रश्न सुटत नाही, फार तर थोडा पुढे सरकतो. तरीही अभियंते दारासमोर सिग्नल द्यायला कचरतात, त्याला कारण आहे. थांबलेली मोटार मागच्यापुढच्या अंतरासह साधारण सहा ते सात मीटर जागा घेते, म्हणजे एका मार्गिकेत दहा मोटारी थांबल्या की रांग साठ-सत्तर मीटरवर जाते. सिग्नल चौकाच्या फार जवळ असेल, तर ही रांग मागच्या चौकात शिरते आणि तिथला हिरवा दिवा वाया जातो. अमेरिकेच्या नियमपुस्तिकेत केवळ पादचाऱ्यांच्या संख्येवर सिग्नल मंजूर करताना जवळचा सिग्नल सुमारे 90 मीटरच्या आत नसावा, अशी साधारण अट आहे, ती याच जातीच्या काळजीतून. आपण कळवलेले अंतर याहून जास्त आहे. म्हणून तिन्ही सिग्नल एकाच वेळापत्रकात बांधले, तर दारासमोरचा सिग्नल अशक्य म्हणता येणार नाही.

खरी अडचण मोजणीची आहे. सिग्नल हवा की नको, हे तासाला किती वाहने आणि किती माणसे येतात यावरून ठरते. स्थानक सुरूच झालेले नसताना माणसे मोजायची कुठून? अशा वेळी अंदाज बांधावा लागतो, आणि तो तासाच्या सरासरीवर बांधला तर हमखास फसतो, कारण स्थानकातून माणसे पाण्याच्या धारेसारखी एकसारखी येत नाहीत, लोंढ्याने येतात. समजा, एका गाडीतून तीनशे माणसे उतरली आणि त्यांतील शंभरांना पलीकडे जायचे आहे. दिवा लाल असेल, तर ही शंभर माणसे उभी कुठे राहणार? चौरस मीटरला दोन माणसे धरली, तरी पन्नास चौरस मीटर मोकळा पदपथ लागतो. माझ्या मते नकाशावर आधी ही उभे राहण्याची जागा आखावी आणि मग खांबाची जागा ठरवावी. प्रत्यक्षात बहुधा उलट घडते, आणि त्या पदपथावर सिग्नलची नियंत्रण पेटी, विजेची पेटी व कुंड्या येऊन बसतात.

ओलांडण्याचा वेळही पाहून घ्यावा. चौदा मीटरचा रस्ता सेकंदाला 1.2 मीटर या चालीने सुमारे बारा सेकंदांत पार होतो, पण सामान घेतलेल्या वृद्धाला सोळा सेकंदही लागू शकतात. वर उल्लेखिलेल्या नियमपुस्तिकेने 2009 च्या आवृत्तीत ही गृहीत चाल सेकंदाला चार फुटांवरून साडेतीन फुटांवर आणली, ती चालणारे सगळे तरुण नसतात म्हणूनच.

प्रश्न : सिग्नलचे खांब उभे राहून कित्येक महिने झाले, दिवेही बसले, पण ते पेटत नाहीत. हा निव्वळ हलगर्जीपणा नव्हे काय?

उत्तर : असूही शकतो, मात्र न पेटलेला दिवा हा त्याचा पुरावा नाही. सिग्नलचा दिसणारा भाग थोडा आणि जमिनीखालचा भाग मोठा असतो. खांबाचा काँक्रीटचा पाया पदपथाच्या कामाबरोबर घातला जातो, रस्त्याखालून केबल नेण्यासाठीचे पाइप डांबराच्या शेवटच्या थराआधी टाकावे लागतात, आणि थांबरेषा व झेब्रा पट्टे तो थर पडल्यावरच मारता येतात. वाहनांची चाहूल घेणारी तारेची वेटोळी वापरायची असतील, तर त्यांसाठीच्या खाचाही शेवटच्या थरातच कापतात. स्थानकाच्या भोवती जलवाहिन्या, मलवाहिन्या व केबल आधी स्थानकाच्या पायाच्या वाटेतून बाजूला घ्याव्या लागतात आणि काही वेळा काम संपल्यावर पुन्हा हलवाव्या लागतात. त्यामुळे रस्त्याचा शेवटचा थर लांबतो आणि त्यावर अवलंबून असलेला सिग्नल त्याच्याही मागे राहतो. थांबरेषा नसताना दिवे पेटवले, तर थांबायचे कुठे हे प्रत्येक चालक आपापल्या मनाने ठरवील.

दोन गोष्टींबद्दल मात्र आपण जाब विचारू शकता. चालू न झालेले दिवे पोत्याने किंवा पिशवीने झाकलेले असावेत, नाहीतर ते बंद पडलेले आहेत असा चालकाचा गैरसमज होतो. दुसरे म्हणजे, कायमचा सिग्नल होईपर्यंत तात्पुरता सिग्नल देता येतो. त्याचे खांब काँक्रीट भरलेल्या पिंपांत उभे करून केबल डोक्यावरून नेतात, रस्ता खोदावा लागत नाही. “काम चालू आहे” हे कायमच्या सिग्नलपुरते उत्तर झाले, तात्पुरत्या सिग्नलला ते लागू पडत नाही. (जाता जाता : 1868 साली लंडनच्या संसद भवनाबाहेर लागलेला वायूवर चालणारा सिग्नल एका रेल्वे अभियंत्याच्या कल्पनेतून आला होता, आणि काही आठवड्यांतच स्फोट होऊन तो निकामी झाला. घाईने पेटवलेल्या दिव्यांची परंपरा जुनी आहे.)

प्रश्न : बॅरिकेड लागल्यापासून पुष्कळ वाहने दुसऱ्या रस्त्याने जातात, तरीही आमच्या चौकात पूर्वीपेक्षा दुप्पट वेळ थांबावे लागते. हे कसे?

उत्तर : हे गणित मोठे मजेदार आहे. ब्रिटनमधील संशोधक एफ. व्ही. वेब्स्टर यांनी 1958 साली सिग्नलच्या एका फेरीची, म्हणजे एका हिरव्या दिव्यापासून पुढच्या हिरव्या दिव्यापर्यंतच्या वेळेची, योग्य लांबी काढण्याचे सूत्र मांडले, आणि ते आजही शिकवले जाते. प्रत्येक फेरीत दिवे बदलताना वाया जाणाऱ्या सेकंदांची दीडपट करून तीत पाच मिळवावेत, आणि एकातून चौकावरचा भार वजा करून उरलेल्या संख्येने त्या बेरजेला भागावे. भार म्हणजे येणारी वाहने आणि हिरवा दिवा सतत असता तर जाऊ शकली असती ती वाहने यांचे प्रमाण; ते प्रत्येक दिशेचे काढून बेरीज करायची. दहा सेकंद वाया जातात असे धरू. मुख्य रस्त्याचा भार 0.3 आणि आडव्या रस्त्याचा 0.2 असेल, तर वीसला 0.5 ने भागून फेरी चाळीस सेकंदांची येते. आता बॅरिकेडने मुख्य रस्त्याची अर्धी रुंदी घेतली, तर तितक्याच वाहनांचा भार 0.6 होतो, बेरीज 0.8 आणि फेरी शंभर सेकंदांची. वाहने काही प्रमाणात घटली, तरी अर्ध्या रुंदीचे नुकसान त्याने भरून निघत नाही.

म्हणून बॅरिकेड सरकले की सिग्नलच्या वेळा त्याच दिवशी बदलायला हव्यात. त्यासाठी खोदकाम लागत नाही, नियंत्रण पेटीत आकडे बदलावे लागतात. जुन्याच वेळा चालू असतील, तर आपल्या तक्रारीत नेमकी तीच गोष्ट लिहावी.

प्रश्न : फलकावर “90 टक्के काम पूर्ण” असे लिहिले आहे. यावर विश्वास ठेवावा का?

उत्तर : ठेवावा, पण कशाचे 90 टक्के, हे विचारून. खर्चाचे, काँक्रीटचे की स्थानकाच्या इमारतीचे? जिने, पदपथ, पावसाच्या पाण्याचा निचरा आणि सिग्नल ही कामे रकमेने लहान व क्रमाने शेवटची असतात. शिवाय इमारत एका यंत्रणेची आणि समोरचा रस्ता दुसरीचा असला, तर ती त्या टक्केवारीत धरलेलीच नसतात.

स्थानक सुरू झाल्यावर अंदाजाच्या जागी खरे आकडे येतात. भावी रहदारीच्या अंदाजावर बसवलेल्या सिग्नलची वर्षभराच्या आत पुन्हा तपासणी करावी आणि गरज नसेल तर तो बंद करावा किंवा काढावा, अशी शिफारस त्याच अमेरिकी पुस्तिकेत आहे. ही तपासणी आपल्याकडेही मागावी, आणि तिच्यासाठीची मोजणी शाळा व कार्यालये नेहमीसारखी चालू असलेल्या आठवड्यात, गाडी येऊन गेल्यानंतरची मिनिटे वेगळी नोंदवून व्हावी, असा आग्रह धरावा.